एक नाव जास्त

मित्रांनो, तुमच्या करंगळीची दोन पेरे मोजा. तेवढीच माझी उंची. अंगाने निळा, टोपण हरवलेले आणि गळ्यात हिरव्या लोकरीचा गोफ. मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. तुमच्यापैकी काहींनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल. पाहिला असेल तर घरातल्या एखाद्या डब्यात, गंजलेल्या किल्ल्या आणि संपलेले सेल यांच्या सोबतीला पडलेला पाहिला असेल. त्याबद्दल मी कुणावर रुसलेलो नाही. मध्ये थोडा रुसलो होतो, पण ते पुढे सांगेन.

सध्या माझा मुक्काम एका शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. शेजारी वाळलेले मार्कर, एका पायाचा कंपास आणि एक किल्ली. ती कशाची ते कुणालाच आठवत नाही, तरी कुणी टाकतही नाही. हा खण पुरता बंद होत नाही. दोन बोटांची फट राहते. मी जे सांगणार आहे त्यातले निम्मे मी संगणकाला चिकटून पाहिले आणि उरलेले या फटीतून.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका वेळी आम्ही हजारो भावंडे एका पट्ट्यावरून सरकत होतो आणि सगळी अगदी सारखी दिसत होतो. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यावर निळे कवच चढवले, मला एका यंत्राला लावून पाहिले आणि मान डोलावून पुढच्याला उचलले. माझे पहिले कौतुक ते एवढेच. मग पुठ्ठ्याचे पाकीट, पाकिटांचे खोके आणि खोक्यातला बरेच दिवसांचा अंधार.

डोळे उघडले ते शाळेच्या कार्यालयात. खडूंच्या पेट्या आणि चिकटपट्टीची भेंडोळी यांच्याबरोबर मी तिथे पोहोचलो होतो. कार्यालयाचे कारकून होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गुडघे दुखरे आणि अक्षर असे की पाहत राहावे. त्यांनी शाळेच्या सामानाची नोंदवही उघडली, बाके, फळे, घंटा यांच्या खाली नवी ओळ आखली आणि लिहिले, 'पेन ड्राइव्ह, निळा, नग एक'. माझ्या पाठीवर त्याच ओळीचा आकडा चिकटवला. तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवशी मला फार बरे वाटले. हजारोंमधला मी आता कुठल्या तरी वहीत एकटा होतो.

आता माझे काम सांगतो. शाळेत दोन संगणक होते. एक तळमजल्यावर, भाऊसाहेबांच्या टेबलावर. त्यात शाळेची सगळी नोंद होती. कोण नव्याने आले, कोण दाखला काढून गेले, कुणाची तुकडी बदलली, ते सगळे त्यात. दुसरा वरच्या मजल्यावर, शिक्षकांच्या खोलीत. त्यात होती गुणवही. कागदाची नव्हे, संगणकातली. प्रत्येक वर्गाची यादी, प्रत्येक मुलासमोर त्याच्या चाचण्यांचे, परीक्षांचे, वह्यांचे गुण. या दोघांची आपसात ओळखच नव्हती, कारण मध्ये तार नव्हती. खाली एखादी मुलगी शाळेत दाखल झाली तरी वरच्या गुणवहीला त्याचा पत्ता नसे. तो पत्ता पोहोचवायचा मी.

दर सोमवारी दुसऱ्या तासाला बाई खाली येत. बाई म्हणजे वर्गशिक्षिका. वर्गात बेचाळीस मुले, हातात कायम विणायच्या सुया आणि तोंडात कायम कुणाचे तरी गाऱ्हाणे, पण ते मायेचे. त्यांचा तो तास मोकळा असे. भाऊसाहेब ताजी यादी माझ्यात भरत, बाई मला मुठीत घेत आणि आम्ही एकतीस पायऱ्या चढून वर जात असू. मी दोनदा वाटेत हरवलो, तेव्हा बाईंनी उरलेल्या लोकरीतून हा गोफ विणून माझ्या गळ्यात घातला. तेव्हापासून मी त्यांच्या मनगटाला लोंबकळत जाऊ लागलो.

वर गेल्यावर बाई मला संगणकाला लावत आणि 'यादी अद्ययावत करा' असे लिहिलेल्या चौकोनावर टिचकी मारत. मग खालची यादी आणि वरची यादी शेजारी शेजारी उभ्या राहत आणि गुणवही एकेका मुलाची जोडी लावत जाई. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे तिच्यावरच अडले. गुणवही मुलांना नावाने ओळखत नसे. दोन मुलांचे नाव सारखे असू शकते. म्हणून शाळेत आल्या दिवशी प्रत्येकाला मिळालेल्या नोंदणी क्रमांकावरूनच ती जोडी लावी. क्रमांक नवा दिसला की ती एक कोरी ओळ उघडी. आणि तिच्याकडचा एखादा क्रमांक खालच्या यादीत सापडला नाही की ती विचारी, 'हा विद्यार्थी शाळेच्या नोंदीत नाही. गुणवहीतून काढायचा का?' खाली दोनच उत्तरे. हो किंवा नाही.

या प्रश्नाने बाईंना एकदा चांगलेच पोळले होते. मी नवाच आलो होतो तेव्हाची गोष्ट. घाईघाईत त्यांनी भलत्याच वर्गाची यादी घेतली आणि सगळ्या प्रश्नांना हो हो करत गेल्या. क्षणात अख्ख्या वर्गाचे गुण नाहीसे झाले. नशिबाने चाचण्यांचे पेपर अजून कपाटात होते. तीन दिवस बसून त्यांनी सगळे पुन्हा भरले आणि कानाला खडा लावला. यादीला हात लावायच्या आधी त्या गुणवहीची एक पूर्ण प्रत माझ्यात ठेवू लागल्या. दर सोमवारी एक. प्रतीला नाव द्यावे लागे. बाकीच्यांनी तारीख घातली असती, पण तारखा बाईंच्या लक्षात राहत नसत. त्या दिवशी जे घडले असेल तेच त्या लिहीत. 'सोमवार नवा पंखा.' 'सोमवार सर्दी.' 'सोमवार भाऊसाहेबांचा चष्मा हरवला.' पुढच्याच आठवड्यात 'सोमवार चष्मा डोक्यावरच होता.'

ते माझे भरभराटीचे दिवस होते. एकदा शाळेची तपासणी झाली. आलेल्या साहेबांनी खालची यादी आणि वरची यादी समोरासमोर धरली आणि एकाही नावाचा फरक निघाला नाही. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, सहसा कुणाची पाठ थोपटत नसत. त्यांनी भाऊसाहेबांना आणि बाईंना चहा पाजला. भाऊसाहेबांनी मला बोटावर गरगर फिरवले आणि म्हणाले, सगळे काम तर या निळूने केले, त्याला कोण विचारतो? त्या दिवसापासून मी निळू झालो.

एक दुखणेही मागे लागले होते. एका शनिवारी बाई मला स्वेटरच्या खिशात विसरल्या आणि मी स्वेटरबरोबर धुऊन निघालो. खिडकीत वाळत घातल्यावर मी पुन्हा कामाला लागलो, पण आतले काहीतरी सैल झाले होते. कधी कधी खालचा संगणक मला ओळखतच नसे. मग भाऊसाहेब मला खालून अंगठ्याने किंचित वर उचलून धरत, की माझा दिवा लागे. ही युक्ती त्यांनाच जमत असे.

आता भिंगरीची गोष्ट. बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. एका जागी बसणे तिला माहीतच नव्हते. फळा पुसायला ती, वह्या गोळा करायला ती, खडू आणायला एकतीस पायऱ्या दोनदोन करत उतरणारी तीच. म्हणून तिला भिंगरी म्हणत. बाई तिच्यावर ओरडत आणि पुढचे काम तिलाच सांगत.

सहामाही परीक्षा झाली, बाईंनी सगळे गुण गुणवहीत भरले आणि त्याच आठवड्यात भिंगरीची आई फार आजारी पडली. उपचार दूरच्या शहरात होते. तिथे मावशी राहत होती. तिच्याकडे राहायचे, तिथल्याच शाळेत जायचे असे ठरले. भाऊसाहेबांनी दाखला लिहून दिला आणि शाळेच्या नोंदीतून भिंगरीचा क्रमांक कमी केला. त्यांना तो करावाच लागला. प्रगतिपुस्तके नंतर छापली गेली, ती नोंदीत उरलेल्या मुलांचीच.

त्या सोमवारी मी वर गेलो तेव्हा माझ्या यादीत एकेचाळीस नावे होती. बाईंनी नेहमीप्रमाणे आधी प्रत ठेवली. तिला नाव देताना त्या बराच वेळ कळफलकाकडे बघत बसल्या. मग गुणवहीने भिंगरीचे नाव दाखवून विचारले, काढायचे का? बाईंनी 'नाही'वर टिचकी मारली.

पुढच्या सोमवारी तोच प्रश्न आला आणि तेच उत्तर गेले. त्याच्या पुढच्या सोमवारीही. माझ्यातल्या प्रती भाऊसाहेबांनाही दिसत, त्यांच्या नजरेतून ते कसे सुटेल? एकदा मला बाईंच्या हातात देताना ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडे एक नाव जास्त दिसतंय."

"माझी मोजणी कच्ची आहे," बाई म्हणाल्या. आणि दोन पायऱ्या चढून गेल्यावर मागे वळून म्हणाल्या, "सुट्टीवर गेलीय असं समजा ना, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला मात्र दर सोमवारी त्या प्रश्नाची धास्ती वाटू लागली. बाईंचे बोट चुकून घसरले तर, असे मनात येई.

मग शाळेत नवे सर आले. हुशार, हसतमुख, कुणाचेही काम अंगावर घेणारे. त्यांनी सुट्टीत स्वतः शिडीवर चढून तळमजल्यापासून वरपर्यंत तार ओढली. खालचा आणि वरचा संगणक एकमेकांशी बोलू लागले. आता यादी आपोआप वर येई, बाईंनी फक्त टिचकी मारायची आणि प्रश्नाचे उत्तर द्यायचे. एकतीस पायऱ्या वाचल्या. प्रत ठेवण्याबद्दल बाईंनी विचारल्यावर सर म्हणाले, आता त्याची गरज पडणार नाही. बाईंनी माझा गोफ नीट गुंडाळला, मला खालच्या खणात ठेवले आणि आता तू आराम कर असे म्हणून खण लोटला.

मित्रांनो, मी रुसलो तो याच वेळी. पहिल्या सोमवारी दुसऱ्या तासाची घंटा झाली आणि मी वाट पाहिली. दुसऱ्या सोमवारीही पाहिली. खण उघडला तो स्टेपलर शोधायला. हळूहळू माझ्यावर खडूची पूड बसली आणि किती सोमवार झाले ते मी मोजेनासा झालो.

भिंगरी गेल्यावर चार महिन्यांनी, वार्षिक परीक्षेला तीन आठवडे उरले असताना, शिक्षकांच्या खोलीच्या दारात ओळखीची धावती पावले वाजली. भिंगरी परत आली होती. आई बरी होऊन घरी आली होती. शहरातल्या शाळेने वर्षाच्या मध्यावर तिला घेतलेच नव्हते. पण ती पुस्तके घेऊन गेली होती. इस्पितळाच्या बाकावर बसून तिने सगळे धडे वाचले होते, गणिते सोडवली होती. आईला औषधाचे थेंब मोजून द्यायचे आणि मग पुढचे गणित घ्यायचे, असे तिचे चार महिने गेले होते. ती हे सगळे एका दमात सांगत होती आणि बाई मध्येमध्ये तिच्या केसांतून हात फिरवत होत्या.

कागदपत्रे पुरी होऊन भाऊसाहेबांनी तिला नोंदीत घेतले. पुन्हा दाखल होणाऱ्याला नवा क्रमांक द्यायचा असा नियम, तो त्यांनी दिला. पुढच्या सोमवारी यादी तारेतून वर आली. त्या दिवशी बाई खाली सभागृहात बाकांवर परीक्षेचे क्रमांक चिकटवत होत्या. तेवढी यादी घ्याल का, असे त्यांनी जाता जाता नव्या सरांना सांगितले. त्या एका नावाबद्दल सांगायचे मात्र राहून गेले.

मी फटीतून सरांची पाठ पाहत होतो. गुणवहीने नव्या क्रमांकाची ओळ उघडली, कोरी. मग तिने भिंगरीची जुनी ओळ दाखवून नेहमीचा प्रश्न विचारला, हा क्रमांक नोंदीत नाही, काढायचा का? सरांना वाटले, एकच मुलगी चुकून दोनदा आलीय. कुणालाही तेच वाटले असते. मी खणात जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण आम्हाला आवाज दिलेला नाही. सरांनी 'हो'वर टिचकी मारली.

बाई वर आल्या तेव्हा सरांनी मोठ्या आनंदाने सांगितले, यादीत एक नाव दोनदा होते, ते साफ केले. बाईंनी विचारले, कोणते? सर म्हणाले, जुने. बाईंनी ओळ उघडली. नाव होते, समोर सगळे रकाने रिकामे. गुणवही काढलेले परत देत नाही. सहामाहीचे पेपर मुलांना केव्हाच वाटून झाले होते आणि भिंगरीचे पेपर सामानाच्या हलवाहलवीत गेले होते. प्रगतिपुस्तक तर छापलेच नव्हते.

शाळेचा नियम सरळ होता. सहामाहीचे गुण नोंदलेले नसतील तर वार्षिक परीक्षेला बसता येत नाही, वर्ष पुन्हा करावे लागते. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी गुरुवारी दुपारी बारापर्यंत मोठ्या बाईंच्या सहीने जायची होती. बाई त्यांच्याकडे गेल्या. भिंगरीचे गुण मला पाठ आहेत, मी म्हणून दाखवते, असे त्या म्हणाल्या आणि सहाही विषय म्हणून दाखवले. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकले. त्यांनाही वाईट वाटत होते. पण त्या म्हणाल्या, पाठ असून चालत नाही, कुठेतरी लिहिलेले दाखवा, मी लगेच सही करते.

दोन दिवस बाईंनी कपाटे उपसली. नवे सर सगळे तास संपल्यावर संगणकासमोर बसून राहत. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. भिंगरीला कुणी काही सांगितले नव्हते, पण शाळेत काय लपून राहते? ती फळा पुसायला येईनाशी झाली. आपल्या बाकावर चुपचाप बसून राही.

गुरुवारी सकाळी बाई टेबलाशी बसल्या होत्या. हाताला चाळा म्हणून त्यांनी विणकामाची पिशवी ओढली आणि हिरव्या लोकरीचा गुंडा घरंगळत खाली गेला. तो उचलायला त्या वाकल्या आणि त्यांची नजर खणाच्या फटीवर पडली. फटीतून माझा गोफ थोडासा बाहेर लोंबत होता. त्यांनी खण इतक्या जोरात ओढला की कंपास उडून पडला.

त्यांनी मला संगणकाला लावले. काही झाले नाही. काढून पुन्हा लावले, उलटेसुलटे केले. तरी काही नाही. नव्या सरांनी खोडरबराने माझी धातूची टोके हलकेच घासली, फुंकर मारली. मला जाग येत होती, पण दार उघडत नव्हते. माझ्या पोटात त्या सगळ्या सोमवारांच्या प्रती होत्या आणि एकही मला बाहेर काढता येत नव्हती. एवढा असहाय मी कधीच झालो नव्हतो.

बाईंनी सरांना खाली पिटाळले. थोड्या वेळाने जिन्यात एकेका पायरीवर थांबणारी पावले वाजू लागली. भाऊसाहेब किती वर्षांत वर आले नव्हते. एकतीस पायऱ्या चढून ते धापा टाकत आत आले, पाणीही न पिता खुर्चीत बसले आणि मला खालून अंगठ्याने वर उचलून धरले. दिवा लागला. विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. त्यांचा अंगठा थरथरत होता. वय झाले, असे ते पुटपुटले.

भिंगरी दारात उभी होती. केव्हापासून ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

"मी धरू का, भाऊसाहेब?" ती म्हणाली. "माझा हात हलत नाही. थेंब मोजायची सवय आहे."

भाऊसाहेबांनी तिचे बोट माझ्याखाली नेमक्या जागी टेकवून दिले. बोट लहान होते, गार होते आणि खरेच जराही हलत नव्हते. माझा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. पडद्यावर नावे उमटू लागली. सोमवार नवा पंखा. सोमवार सर्दी. सोमवार चष्मा डोक्यावरच होता. भाऊसाहेब तशाही स्थितीत हसले. नवे सर एकेक ओळ खाली सरकवत होते. मग एका नावावर सगळ्यांच्या नजरा थांबल्या. 'सोमवार भिंगरी गेली.'

भिंगरीने ते दोनदा वाचले. बोट मात्र हलू दिले नाही.

"बाई, हे मी गेले त्या दिवसाचं?"

"हो गं," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी दुसरं काही सुचलंच नाही."

ती प्रत संगणकात उतरायला लागली. पट्टी मुंगीच्या पावलांनी भरत होती. माझे अंग तापले, आतले सैल झालेले टोक सुटू पाहत होते. मी एवढेच ठरवले होते की हे पुरे होईपर्यंत सुटायचे नाही. पट्टी भरली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. ओळ उघडली, सहाही रकाने भरलेले. बाईंनी मोठ्या बाईंना म्हणून दाखवलेले सगळे गुण तंतोतंत होते, फक्त विज्ञानात त्यांनी दोन गुण जास्त सांगितले होते. लिहिलेले दाखवा म्हणणाऱ्या मोठ्या बाई काही चुकीच्या नव्हत्या. त्यांनी छापून आणलेला कागद पाहिला आणि साडेअकराला सही केली. गुण जुन्या क्रमांकावर होते, म्हणून भाऊसाहेबांनी मोठ्या बाईंच्या परवानगीने तळमजल्यावर जाऊन नवा क्रमांक रद्द केला, भिंगरीला तिचा जुना क्रमांक परत दिला आणि शेजारी आपल्या सुंदर अक्षरात लिहिले, 'परत आली'.

भिंगरी परीक्षेला बसली. पहिली वगैरे आली नाही. पण पास झाली आणि आपल्या बाकावरच्या मैत्रिणीबरोबर पुढच्या वर्गात गेली.

मी मात्र त्या गुरुवारनंतर पुन्हा उघडलो नाही. सरांनी वेगवेगळ्या संगणकांना लावून पाहिले, भिंगरीने बोट धरून पाहिले. आता मला कुणीच ओळखत नाही. सर आता दर सोमवारी प्रत ठेवतात, दुसऱ्या एका पेन ड्राइव्हमध्ये. काळा आहे, चपळ आहे. मी त्याला जळत नाही. प्रतीला ते तारीख घालतात आणि तारखेपुढे बाईंना विचारून एक ओळ लिहितात.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात याद्या येतील. त्या जुळवताना एखादे नाव शिल्लक राहील, कुठेच बसणार नाही आणि खटकेल. ते पुसायला एक टिचकी पुरते. त्याआधी कुणाला तरी विचारा, हे माणूस कुठे गेले आहे? आणि प्रत ठेवा. नंतर आठवेल यावर विसंबू नका.

परवा वर्षअखेरची सामानाची मोजणी झाली. भाऊसाहेब नोंदवही घेऊन वर आले होते, या वेळी सावकाश, मध्ये बसत बसत. मोडक्या वस्तू वहीतून कमी करायच्या होत्या. तडकलेला फळा गेला. एका पायाचा कंपास वहीतून गेला, खणात मात्र राहिला. मग त्यांनी खण उघडला, मला तळहातावर घेतले आणि वाचले, "पेन ड्राइव्ह, निळा, नग एक. चालत नाही. काढायचा का?"

बाई पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही."

"शेरा काय लिहू, बाई? काहीतरी कारण लागतं."

बाईंनी पान उलटले.

"सुट्टीवर आहे म्हणून लिहा."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि लिहिले.